पिटगॅरोहून आलेला

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पिटगॅरोच्या चढावर स्वतःहून गाडी घालणारा माणूस एक तर गुरांचा डॉक्टर असतो, नाही तर रस्ता चुकलेला. त्यामुळे ती चिमुकली लाल गाडी चिखलात चाकं गरगरा फिरवत अंगणात शिरली, तेव्हा म्हाताऱ्यानं खिडकीतून पाहिलं आणि नुसतं "अरे देवा" म्हटलं. त्याच्या हातात वर्तमानपत्रात अर्धी गुंडाळलेली बशी होती. अशा अजून चाळीसएक गुंडाळायच्या होत्या. परवा, अठ्ठावीस तारखेला, घर सोडायचं होतं. जुना कूळकरार संपायचा आणि नवा सुरू व्हायचा तो इकडचा ठरलेला दिवस, आज्या-पणज्यांपासूनचा.

म्हाताऱ्याचं नाव वॉल्टर एसलमाँट. पण हे नाव पंचक्रोशीत विचाराल तर दहातले नऊ जण डोकं खाजवतील. इकडं शेतकऱ्याला त्याच्या नावानं हाक मारायची पद्धतच नाही. जो जे शेत कसतो तेच त्याचं नाव. शेजारचा बॉब तो मिलबॉग, टेकडीपलीकडची विधवा ती हिलहेड, आणि वॉल्टर तो पिटगॅरो. गुरांच्या बाजारात पिटगॅरो, चर्चमध्ये पिटगॅरो, दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून बसला तरी पिटगॅरो. चव्वेचाळीस वर्षं हेच. त्याआधी त्याचा बाप पिटगॅरो होता आणि हा होता नुसता 'पोरगा', बत्तीस वर्षांचा घोडा झाला तरी. बायको आयना तेवढी घरात त्याला वॉटी म्हणायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

गाडीतून साठीची एक बाई उतरली. पायात पांढरे कापडी बूट. ते घोट्यापर्यंत चिखलात गेले तरी तिचं लक्ष नव्हतं. ती सरळ दाराशी आली.

"तुम्हीच ना? पिटगॅरो?"

"हो," म्हातारा म्हणाला. सवयीनं निघून गेलं.

बाईनं त्याला बशीसकट मिठी मारली. म्हातारा ताठ उभा. सहा वर्षांत त्याला कोणी एवढं जवळ घेतलं नव्हतं आणि त्याची तक्रारही नव्हती.

"मी मार्लीन पिटगॅरो! कॅनडाहून आले. अकरा वर्षं शोधतेय हो मी तुम्हाला! खाली दुकानात विचारलं, इथं आता कोणी पिटगॅरो उरलंय का, तर ती मुलगी म्हणते, न उरायला काय झालं, आत्ताच तर अंडी देऊन गेले!"

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण पहाटे पाचपासून तो उभा होता, कंबर मोडून आली होती, आणि या बाईचे डोळे भरलेले. कुठून सुरुवात करणार? "आत या बाई," तो म्हणाला. "बूट कामातून गेले तुमचे."

स्वयंपाकघरात खोक्यांची रास लागली होती. उरलेल्या एकुलत्या खुर्चीवर त्यानं तिला बसवलं, स्वतः एका खोक्यावर टेकला. चहा दिला, ओटची कडक बिस्किटं आणि चीजचा तुकडा पुढे केला. बाईनं खाण्याकडं पाहिलंही नाही. तिनं पिशवीतून जाडजूड फाईल काढली आणि टेबलभर कागद पसरले. बाप, आजा, पणजा, त्याच्या मागं दोन पिढ्या, आणि अठराशे एकोणीस साली बोटीनं कॅनडात उतरलेला पहिला पिटगॅरो. त्याच्या मागं मात्र कोरं पान.

"हे बघा, आपल्या घराण्याचं चिन्ह," म्हणून तिनं एडिंबराच्या दुकानातून घेतलेलं भांडी पुसायचं फडकं उलगडलं. त्यावर मुकुट, दोन तलवारी आणि मध्ये रानडुकराचं मुंडकं.

म्हाताऱ्यानं मुंडक्याकडं पाहिलं, मुंडक्यानं म्हाताऱ्याकडं.

"आणि येताना बुरूजही पाहिला!" ती म्हणाली. "गोल. आपल्या किल्ल्याचाच ना?"

"कबुतरखाना आहे तो."

"काय?"

"कबुतरखाना. हिवाळ्यात मटण मिळायचं नाही, मग कबुतरं पाळायचे. मी त्यात खताची पोती ठेवतो." आणि थांबून म्हणाला, "ठेवायचो."

बाई हसली, पण तिचं हसू जरा डळमळलं. आता आणखी लांबवलं तर पाप लागेल, असं म्हाताऱ्याला वाटलं.

"बाई, तो कप खाली ठेवा आधी. मी पिटगॅरो नाही."

"अहो, पण आत्ताच तुम्ही..."

"म्हणालो. सगळेच म्हणतात. शेताचं नाव आहे ते, माझं नाही. मी हे शेत कसतो म्हणून मी पिटगॅरो. परवा गॉर्डन रेनी म्हणून एक जण येतोय, मग तो पिटगॅरो. मी एसलमाँट. तुमच्या-माझ्यात रक्ताचा थेंब सारखा नाही. माझा आजा हे शेत खंडानं घ्यायला चाळीस मैलांवरून आला."

एकेक कागद उचलून तिनं फाईलमध्ये घातला, तारखेच्या क्रमानं. मग म्हणाली, "एप्रिलमध्ये बाबा गेले. भाऊ नाही, बहीण नाही, मला मूल नाही. आमच्यात मी शेवटची. म्हटलं, तिकडं तरी कोणी असेल आपलं, आडनावाचं. मेलं ते आडनाव."

म्हाताऱ्याला स्वतःचा राग आला. दारातच बोलला असता तर काय जीभ झडली असती? मिठी मारून घेतली बेट्यानं, चहा पाजला आणि मग पायाखालची फळी काढली. तो कण्हत उठला, वरचं फडताळ उघडलं आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. हा डबा त्यानं मुद्दाम खोक्यात भरला नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी असंच फाईल घेऊन यायचं, म्हणून तो हाताशी असायचा. चर्चच्या पंचांत होता तेव्हा जुन्या पाद्र्यानं त्याला शेजारच्या गावच्या चर्चच्या नोंदवहीतल्या दोन ओळींची नक्कल करून दिली होती, ती त्यानं डब्यातून काढून तिच्यापुढे धरली.

"वाचा. सोळाशे अठ्ठ्याण्णव."

बाईनं चष्मा लावला. पहिली ओळ होती: जेम्स, पिटगॅरोहून आलेला, मिलबॉग येथे गडी, अंगावर कपडा नाही, चर्चतर्फे एक सदरा दिला. दुसरी तीन वर्षांनंतरची: जेम्स पिटगॅरो यास मुलगी झाली, नाव इझोबेल.

"म्हणजे जहागीरदार वगैरे..."

"जहागीरदाराचं आडनाव निराळंच होतं. त्यांचं कोणी उरलं नाही. हा नांगऱ्या होता." तो पुन्हा खोक्यावर बसला. "त्या काळात वर्षांमागून वर्षं ओट पिकला नाही. जूनमध्ये हिमवर्षाव. निम्मी माणसं मेली, निम्मी उठून चालायला लागली. हा चालला, पण फार लांब नाही गेला. ते बघा, खिडकीतून दिसतंय ते मिलबॉग. तिथवरच."

"आणि त्यानं आपल्या गावाचं नाव लावलं."

"त्यानं कशाला लावायला! लोकांनी लावलं. इथं होता तोवर तो जेम्स, नांगऱ्या जेम्स, बस्स. तिकडं गेला तर तिथं आधीच चार-पाच जेम्स असणार. मग हा कुठला? तर पिटगॅरोहून आलेला, सदरा नसलेला, तो. सारखं सारखं एवढं लांबलचक कोण म्हणणार? झालं पिटगॅरो. गाव सुटलं की मग ते नाव चिकटतं, बाई. इथून जो हलला नाही, त्याला हे आडनाव मिळालंच नाही."

"आणि अर्थ काय त्याचा? मी वाचलंय की पिट म्हणजे..."

"वाटा. जमिनीचा तुकडा. गॅरो म्हणजे खडबडीत. दगडधोंड्यांचा वाटा. हे मला पुस्तकात बघावं लागत नाही, चव्वेचाळीस वर्षं दगडच वेचतोय."

बाईनं डुकराच्या मुंडक्याच्या फडक्याची घडी घातली, मग ती मोडून त्याच फडक्यानं डोळे पुसले. नक्कल पुन्हा डोळ्यांजवळ धरली. "सदरा दिला," ती स्वतःशीच म्हणाली. आणि अचानक तिनं विचारलं, "आणि एसलमाँट?"

"एसलमाँटचं काय?"

"तेही कुठलं तरी गावच असेल ना?"

म्हातारा अडखळला. "आहे. एलन गावाच्या बाजूला. पाटी दिसते बसमधून."

"कधी उतरला नाहीत?"

"काय करायचंय तिथं उतरून? तिथं कोण आहे माझं?" म्हातारा फणकारला आणि बोलता बोलता स्वतःच ओशाळला. बाई हसायला लागली, नाक पुसत. मग तोही हसला. घशातून खरखर आवाज आला, बरेच दिवसांत चालू न केलेल्या इंजिनासारखा.

"परवा कुठं जाणार तुम्ही?" तिनं विचारलं.

"खाली गावात. म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारी घरं आहेत. नऊ नंबर."

"आणि तिथं काय म्हणतील तुम्हाला?"

म्हातारा उठला आणि त्यानं पुढची बशी गुंडाळायला घेतली. तिनं विचारायला नको होतं. महिनाभर हीच एक गोष्ट त्याला आतून कुरतडत होती.

गुडघे गेले होते, पाठ गेली होती, शेत सोडायचं दुःख त्यानं कधीच पचवलं होतं. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखंच वाटत होतं. गायी विकल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा सात वाजेपर्यंत झोपला. पण सोडून जाणाऱ्यानं इथं एक काम करूनच जायचं असतं. नव्या माणसाला शेताच्या नावानं पहिली हाक त्यानं मारायची. त्यानं मारली की मग बाकीचे मारणार, तोवर कोणाचं तोंड उघडत नाही. गॉर्डन रेनी पंधरा दिवस मेंढ्या आणून सोडत होता, कुंपण दुरुस्त करत होता, पण मिलबॉगसुद्धा त्याला "ए गड्या" म्हणायचा. डोंगराच्या अंगाला एक जण रागानं हाक न मारताच निघून गेला होता. त्याच्या जागी आलेल्याला लोक एकोणीस वर्षं 'तो नवीन माणूस' म्हणत होते. त्याला पुरलं तेव्हासुद्धा.

वॉल्टरच्या बापानं ती हाक गोठ्याच्या दारात मारली होती. "पिटगॅरो," बाप म्हणाला होता, "तांबड्या गायीनं खाल्लं नाही आज." एवढंच. त्या दिवशी वॉल्टर दिवसभर शीळ घालत हिंडला. बापाकडं त्यानं पाहिलंही नव्हतं. त्यानंतर बाप नुसता 'तो म्हातारा' झाला, चुलीपाशी बसायचा, आणि दोन वर्षांनी गेला. हाक मारताना बापाचा चेहरा कसा झाला होता, हे आठवायचा वॉल्टर आता रोज प्रयत्न करायचा. आठवत नव्हतं. बघितलाच नव्हता तर आठवणार काय, कर्म!

निघताना मार्लीननं विचारलं, "परवा येऊ का? उचलायला मदत करीन. आणि दारात एक फोटो."

"या," तो म्हणाला. "पण बूट घ्या आधी."

अठ्ठावीस तारखेला ती हिरवे गमबूट घालून आली, एक नंबर मोठे. मिलबॉग आला, हिलहेडची विधवा बटाट्याच्या सुपाचं पातेलं घेऊन आली. पाऊस नव्हता, नुसता ओला गारठा. अकरापर्यंत सगळं सामान ट्रकवर चढलं. आयनाचं शिवणयंत्र मार्लीननं एकटीनं उचललं. तेव्हा मिलबॉग तिला म्हणाला, "जेम्सची हाडं आहेत खरी! आमच्याच शेतावर राबला ना तो? मग अर्धा दिवस या उद्या, शेण काढायचंय." तिला केवढा आनंद झाला. अकरा वर्षं ती किल्ला शोधत होती, आणि खूष झाली कशानं, तर शेणानं!

ट्रक गेला. गॉर्डन रेनीची जीप आली. त्याची बायको आत बसून राहिली, तो उतरला. चौतिशीचा, लाल कानांचा, टोपी हातात.

मिलबॉग जीपचं टायर बुटानं तपासत राहिला. हिलहेडनं पातेल्यावर झाकण घट्ट बसवलं, उघडलं, पुन्हा बसवलं. वॉल्टरला कळत होतं सगळे कशासाठी थांबलेत. गॉर्डनलाही कळत होतं. पण तो मागणार नव्हता. अशी गोष्ट मागायची नसते.

वॉल्टरला वाटलं, नाही मारली हाक तर? सरळ जाऊन त्या लाल गाडीत बसलो तर? कोणी धरून ठेवणार आहे का? राहू दे याला 'नवीन माणूस'. आयुष्यात एक तरी वस्तू माझी म्हणून घेऊन जातो बरोबर. शेत कधीच माझं नव्हतं, मालकाचं होतं. गायी विकल्या. बायको चर्चच्या अंगणात. हे एवढं नाव तर होतं, आणि तेही द्यायचं? काय पद्धत आहे ही? कुठल्या गाढवानं घातली?

गॉर्डननं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. जीपमध्ये त्याची बायको पुढच्या काचेतून बघत होती.

"पिटगॅरो," वॉल्टर म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "वरच्या कुरणाचं फाटक जरा उचलून लावावं लागतं. बिजागरी गेलीय."

गॉर्डनचे कान अजूनच लाल झाले. "बघतो," तो म्हणाला आणि वर कुरणाकडं, फाटकाकडं बघायला लागला. वॉल्टरकडं त्यानं पाहिलं नाही. वॉल्टरनं तरी कुठं पाहिलं होतं तेव्हा?

"चल पिटगॅरो, आत्ताच बघून घेऊ," मिलबॉग लगेच म्हणाला आणि वॉल्टरची मान सवयीनं वळली. "चल" म्हणायला त्याचं तोंड उघडलंसुद्धा. मिलबॉगचा हात गॉर्डनच्या खांद्यावर होता. दोघं चढ चढायला लागले होते. हिलहेडनं वॉल्टरचं उघडं तोंड पाहिलं आणि पटकन पातेल्याकडं बघितलं. लागलं त्याला. छातीत लागलं, कोणी कोपर मारावं तसं. तो गाडीत जाऊन बसला. फोटोचं दोघंही विसरले.

उतारावर मार्लीन फार सावकाश गाडी चालवत होती. कबुतरखाना मागं पडल्यावर ती म्हणाली, "हवं तर आमचं नाव ठेवा हो तुम्ही. मी तरी कोणाला देणार आहे?"

"नको बाई. दगडधोंड्यांचा वाटा. वाहून वाहून दमलो."

"खरं सांगू? मीपण," ती म्हणाली आणि गाडी गावाच्या रस्त्याला वळवली.

नऊ नंबरला दोन खोल्या, गरम पाण्याच्या नळ्या आणि एक खिडकी, जिच्यातून आठ नंबरची खिडकी दिसत होती. किटलीचं खोकं मार्लीननं आत आणलं तोच आठ नंबरची म्हातारी दारात हजर. ही फेमी. मासे साफ करण्यात हयात गेलेली, हाताची बोटं वाकडी, आवाज बंदरावरचा.

"आलात का? आधीचा म्हातारा फार खोकायचा. तुम्ही खोकता?"

"नाही."

"बरं. काय म्हणायचं तुम्हाला?"

मार्लीन किटली हातात धरून थांबली. वॉल्टरनं तोंड उघडलं. पहिलं नाव जिभेवर आलं ते त्यानं गिळलं, ते आता डोंगरावर फाटक दुरुस्त करत होतं. दुसरं आलं ती बसमधून दिसणारी पाटी होती. तिथं कोण होतं त्याचं?

"वॉटी," तो म्हणाला, आणि आपणच दचकला.

"वॉटी. बरं," फेमी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्या रात्री तो मेल्यासारखा झोपला. जाग आली तेव्हा खिडकीत चांगलं उजाडलं होतं आणि भिंतीवर कोणीतरी लाटण्यासारखं काहीतरी आपटत होतं.

"वॉटी! अहो वॉटी! मेलात की काय पहिल्याच दिवशी? कचऱ्याचा डबा आज बाहेर ठेवायचा असतो! गाडी आली बघा कोपऱ्यावर!"

तो पलंगाच्या कडेवर उठून बसला. सहा वर्षांत हे नाव कोणी भिंतीपलीकडून ओरडलं नव्हतं. आयना अशीच ओरडायची, स्वयंपाकघरातून, सूप गार होतंय म्हणून. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो रडला, उशीचा कोपरा तोंडाशी धरून, हुंदके देऊन. थकव्यानं रडला, बापासाठी रडला, आयनासाठी रडला. थोडा स्वतःसाठीही.

"वॉ-टी!"

"आलो गं, आलो," तो ओरडला, आणि नुसते मोजे घालूनच डबा उचलून बाहेर गेला.